तीनशे आणि पन्नास

सकाळचे आठ वाजलेत. तुम्ही सायकल हातात धरून अप्पा बळवंत चौकातून शनिवार पेठेकडे निघाला आहात, कारण समोरून शाळेची प्रभातफेरी येते आहे आणि पोरांच्या रांगेतून सायकल दामटता येत नाही. मंगळवार, १५ ऑगस्ट १९७२. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली. पोरांच्या हातात कागदी झेंडे, सदऱ्यांना नीळ जरा जास्तच झालेली. मास्तर घोषणेचा पहिला भाग देतात, उरलेला पोरं ओरडून पुरा करतात. आभाळ भरून आलंय, पण पडत नाही. गेल्या साली पाऊस कमी झाला, यंदा त्याहून कमी. पेठेत त्याची नुसती चर्चा आहे. इंदापूर-दौंडकडून आलेला माणूस मात्र चर्चा करत नाही. तो आभाळाकडे एकदा बघतो आणि चालू लागतो.

खिसा चाचपू नका, फोन तिथं नाही. खांद्यावरच्या पिशवीत एक साप्ताहिक आहे, ते काढा.

ओंकारेश्वराकडे उतरताना जुन्या भिंतींवर पानशेतच्या पुराची रेघ अकरा वर्षांनंतरही दिसते. त्या रेघेखाली एका वाड्याचा ओटा मोकळा आहे. तिथं बसा. अंक ‘साधने’चा आहे. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ ला हे साप्ताहिक सुरू केलं, म्हणजे आज त्याचाही वाढदिवस. संपादक यदुनाथ थत्ते. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचा हा विशेषांक जमवला आहे तो अनिल अवचट नावाच्या एका तरुण डॉक्टरनं, आणि त्यानं एक साधीच गोष्ट केली आहे: ही पंचवीस वर्षं कशी गेली, हे दलित तरुणांना विचारलं आहे.

पानं उलटत तुम्ही राजा ढाले यांच्या लेखापाशी येता. मथळा ‘काळा स्वातंत्र्यदिन’.

लेख तुम्हाला ठाऊक आहे. निदान त्याच्याबद्दल तुम्ही ऐकलेलं आहे, की त्यात झेंड्याबद्दल काहीतरी भयंकर लिहिलं होतं. बहुतेकांना एवढंच ठाऊक असतं. म्हणून तुम्हाला इथवर आणलं. आता तो पहिल्यापासून वाचा, त्या एका वाक्यावर उडी न मारता.

लेखात परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावची आठवण येते. याच वर्षी तिथं विहिरीच्या पाण्यावरून दलित बायकांची विटंबना झाली. बाईच्या अंगावरचं वस्त्र गेलं. ढाले त्याचा हिशेब मांडतात. राष्ट्राच्या मानचिन्हाचा अपमान केला तर दंड तीनशे रुपये, दलित बाईची अब्रू घेतली तर पन्नास. हे दोन आकडे ते शेजारी शेजारी ठेवतात, आणि मग संतापून झेंड्याबद्दल ते वाक्य लिहितात. वाक्य शिवराळ आहे, यात शंका नाही. पण ते आकड्यांनंतर येतं. बेरीज-वजाबाकी आधी झालेली आहे.

तुमच्या हातातला अंक थरथरतोय की नाही, हे मला इथून दिसत नाही. रस्त्यावरून एक पोरगा कागदी झेंडा चाकाच्या आऱ्यात अडकवून सायकल पिटाळत जातो. फर्रर्र असा आवाज येतो. त्याला कुणी हटकत नाही.

चार रात्री मागे चला. छापखान्यात दिवा एका तारेला लोंबतो आहे आणि खाली जुळारी उभा आहे. देवनागरी खिळ्यांची केस मोठी असते, अर्ध्या अक्षरांचे, जोडाक्षरांचे, रफारांचे, वेलांट्यांचे शेकडो खाने. तो खान्यांकडे बघतही नाही. हात आपोआप जातो, खिळा उचलतो, पट्टीत बसवतो. अक्षरं उलटी आहेत, आरशातल्यासारखी. तुम्हाला ‘काळा’ वाचायला वेळ लागतो, त्याला लागत नाही. त्याच्या मागं उभे राहा, बोलू नका. एका ओळीपाशी त्याचा हात थांबतो. तो हस्तलिखित दिव्याजवळ नेतो, पुन्हा वाचतो, शाईनं काळं झालेलं बोट धोतराला पुसतो. मग जुळवत राहतो. तो कोण, कुठल्या जातीचा, घरी कोण आहे, त्याला काय वाटलं, हे कुठं छापून आलेलं नाही. मला मात्र त्या थांबलेल्या हातापाशीच परत परत यावंसं वाटतं.

परत मंगळवारी या. खरं तर तीन-चार दिवस पुढं, अंक पेठेत फिरल्यानंतर. कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात शिरा. पितळी पातेल्यात चहा उकळतोय, आलं आणि वेलदोडा ठेचल्याचा वास आहे. बाकावर चौघं बसलेत, मध्ये ‘साधना’ उघडी.

“दुःख मान्य आहे हो. पण भाषा?”

“भाषेचं राहू द्या. झेंड्याला असं बोलायचं? तेही रौप्यमहोत्सवाच्या अंकात?”

“आणि छापलं कुणी, तर साने गुरुजींच्या साप्ताहिकानं!”

तुम्ही वाट बघता की आता कुणीतरी ब्राह्मणगावचं नाव काढेल. कप रिकामे होतात, दुसरा चहा येतो. नाव निघत नाही. पन्नास रुपये हा आकडासुद्धा कुणी उच्चारत नाही.

हळूहळू त्यांचं बोलणं अमेरिकेकडे वळतं. आणि इथं तुम्ही चकित व्हाल. कारण याच बाकावरच्या माणसांना अमेरिकेतल्या काळ्यांबद्दल सगळं ठाऊक आहे. (ते ‘निग्रो’ म्हणतात, १९७२ च्या मराठीत तोच शब्द आहे.) मार्टिन ल्यूथर किंग १९५९ मध्ये भारतात येऊन गेले, मुंबईला मणिभवनात राहिले, हे त्यांना माहीत आहे. १९६८ च्या एप्रिलमध्ये मेम्फिसला किंग यांना गोळी घातली तेव्हा ते सफाई कामगारांच्या संपासाठी गेले होते, हेही माहीत आहे. एक जण तर हळहळून सांगतो की त्या कामगारांच्या गळ्यात पाट्या होत्या आणि पाटीवर एवढंच होतं, की मी माणूस आहे. सांगताना त्याचा आवाज भरून येतो. ते खोटं नाही. त्याला खरंच वाईट वाटतं.

पुण्यात संडास कोण साफ करतं, हे त्या क्षणी त्याच्या डोक्यात नाही.

त्याला मी दोष देत बसणार नाही. पण ही एकच गोष्ट तुम्हाला दाखवायला मी इतक्या लांब आणलं आहे. अन्याय सातासमुद्रापलीकडे असला की तो स्पष्ट दिसतो, त्याची भाषा कितीही कडू असली तरी ऐकवते. अमेरिकेतलं उदाहरण घ्या. १६ ऑक्टोबर १९६८, मेक्सिकोचं ऑलिम्पिक. दोनशे मीटरच्या शर्यतीत पदकं मिळवून टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस पदकाच्या चौथऱ्यावर उभे राहिले, राष्ट्रगीत सुरू झालं, झेंडा वर चढू लागला, आणि दोघांनी मान खाली घालून काळा हातमोजा घातलेली मूठ वर केली. पायात बूट नव्हते, नुसते काळे मोजे, आपल्या लोकांचं दारिद्र्य दाखवायला. त्यांना संघातून काढलं, परत पाठवलं. तिकडेही ओरड झाली ती झेंड्याच्या अपमानाची. अनवाणी पायांबद्दल फार थोडे बोलले. हा फोटो पुण्यातल्या कुणाही भल्या माणसाला दाखवा, तो म्हणेल, शाबास पोरांनो. आणि १८५२ मध्ये फ्रेडरिक डग्लस यांनी, जे स्वतः गुलामीतून पळून आले होते, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या समारंभात गोऱ्या श्रोत्यांना विचारलं होतं, की हा तुमचा सण गुलामाच्या काय कामाचा? ते भाषण आज अमेरिकेत शाळेत शिकवतात. ढाले यांनी एकशे वीस वर्षांनी तोच प्रश्न मराठीत विचारला, शनिवार पेठेत.

लेखिका दुर्गा भागवतांनी ढाले यांच्या लेखावर कडक आक्षेप घेतला. मला ही गोष्ट सोडवत नाही, कारण याच दुर्गाबाई तीन वर्षांनी, आणीबाणीत, कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून लेखकाच्या स्वातंत्र्यासाठी उभ्या राहतील आणि पुढं तुरुंगात जातील. भित्र्या नव्हत्या त्या. अभ्यासानं, धैर्यानं इतक्या मोठ्या बाईलाही त्या पानावर आधी दिसली ती भाषाच. मग बाकावरच्या चौघांचं काय घेऊन बसायचं?

बाकाच्या टोकाला एक म्हातारे गृहस्थ आहेत. इतका वेळ गप्प होते. ते आता म्हणतात, “पर्वतीला मी होतो. एकोणतीस साली.”

चौघं वळतात.

“सत्याग्रहात नव्हे. बघ्यांत. दगड मी टाकला नाही. पण टाकणाऱ्याचा हात धरला का? नाही धरला.”

त्यांच्याबरोबर क्षणभर चला. १३ ऑक्टोबर १९२९, रविवार. पर्वतीच्या रुंद दगडी पायऱ्या, उन्हानं तापलेल्या. खालून देवळात प्रवेश मागणारे अस्पृश्य सत्याग्रही चढत येताहेत. शिवराम जानबा कांबळे यांनी पंचवीस वर्षं या कामात घालवली आहेत. पां. ना. राजभोज पुढं आहेत. बरोबर काकासाहेब गाडगीळ, आणि पंचविशीतला एक शिडशिडीत तरुण, एस. एम. जोशी. वर देवळाची दारं बंद. मग दगड येऊ लागतात. राजभोज जखमी होतात. तुमच्या कानाजवळून एक दगड जातो आणि खालच्या पायरीवर फुटतो. शहर तेच, तुळशीबागेतून संध्याकाळी परतणारी माणसं तीच. सत्याग्रह जानेवारीपर्यंत चालला. दारं उघडली नाहीत.

म्हातारे अंक उचलतात, चष्मा वर करतात आणि ढाले यांचा लेख वाचू लागतात. पहिल्या ओळीपासून. तुम्ही निघा, त्यांना वाचू द्या.

स्वारगेटवरून एसटी पकडा. हडपसर, उरुळी, यवत, पाटस, भिगवण, इंदापूर. गाडी पोचेपर्यंत आपण काही महिने मागं गेलेलो असू, याच वर्षाच्या उन्हाळ्यात. जागा आहे बावडा, पुणे जिल्ह्यातच. ब्राह्मणगावच्या बरोबरीनं हे नाव त्या उन्हाळ्यात महाराष्ट्रभर झालं, कारण गावानं दलित वस्तीवर बहिष्कार घातला होता.

बहिष्कार या शब्दापाशी थांबा. तुम्ही शाळेत तो विदेशी कापडाबरोबर शिकलात. अमेरिकेच्या संदर्भात तो माँटगोमेरीबरोबर येतो. डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस तिथल्या काळ्या माणसांनी शहराच्या बसवर पाय ठेवला नाही. मैलोन् मैल चालत कामाला गेले, आणि शेवटी बसमधली वेगळी बाकं गेली. तिथं बहिष्कार हे दुबळ्याचं हत्यार होतं. आपल्या गावात या शब्दाचा अर्थ उलटा आहे. इथं गाव वस्तीवर बहिष्कार घालतं. वाण्याकडे मीठ-तेल मिळत नाही. गिरणीवाला दळण घेत नाही. रानात कामाला कुणी बोलवत नाही. येण्या-जाण्याची वाट अडते. कुणी काठी उगारलेली दिसत नाही, पोलिसाला पंचनाम्यात लिहायला काही सापडत नाही, आणि तिसऱ्या दिवशी चूल पेटत नाही. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये आपल्या पाक्षिकाचं नाव ‘बहिष्कृत भारत’ ठेवलं ते उगीच नव्हे. माँटगोमेरीचं उदाहरण आपल्याकडे जसंच्या तसं चालत नाही ते इथंच: ज्याच्याकडे दळायला पाच शेर जोंधळा आणि जायला एकच वाट, तो कुणावर बहिष्कार घालणार?

या दोन गावांच्या बातम्या मुंबईतल्या चाळींत, झोपडपट्ट्यांत वाचल्या गेल्या. वाचणारे पहिल्या पिढीचे शिकलेले होते. कवी, कारकून, टॅक्सी चालवणारे. इळयापेरुमल समितीचा अस्पृश्यतेवरचा अहवाल १९७० मध्येच संसदेत आला होता. त्यातलं सगळं त्यांना आधीपासून ठाऊक होतं, फक्त आता ते सरकारी कागदावर होतं. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले, अर्जुन डांगळे. याच उन्हाळ्यात दलित पँथर उभी राहिली, आणि नाव घेतलं ते ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून, जी १९६६ मध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी काढली होती. किंग यांचं नाव त्यांनी घेतलं नाही. शांतपणे मागून पाहिलं होतं, उत्तर पन्नास रुपये आलं होतं.

आता फार मागे, पण पुण्यातच. गंज पेठ, १८७३. जोतीराव फुल्यांच्या घराच्या आवारात हौद आहे. पाच वर्षांपूर्वी तो त्यांनी अस्पृश्यांना खुला केला. एक बाई वाकून घागर भरते आहे. पाठ ताठ करताना ती इकडेतिकडे बघते, सवयच आहे ती. आत, माजघरात, नुकतंच छापून आलेलं पुस्तक पडलं आहे, ‘गुलामगिरी’. १ जूनची तारीख. पहिलं पान उघडा. अर्पणपत्रिका युनायटेड स्टेट्समधल्या सदाचारी लोकांना आहे, त्यांनी निग्रो लोकांना दास्यातून सोडवलं म्हणून. अमेरिकेनं घटनेत तेरावी दुरुस्ती करून गुलामी बंद केली त्याला आठच वर्षं झालेली आहेत. पुण्यातला एक माळी गृहस्थ ती बातमी नीट वाचतो, आणि आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या बाबतीत त्यांचा कित्ता गिरवावा अशी आशा धरतो.

म्हणजे पुण्यातून अमेरिकेकडे बघण्याची रीत नवी नाही. पण नजर कुठं गेली ते बघा. जोतीरावांनी पुस्तक वाहिलं ते मुक्त करणाऱ्यांना. मालकाला सद्बुद्धी होऊ शकते, हा त्यांना धडा वाटला. मधे, १९४६ मध्ये, बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली. तो पत्रव्यवहार समदुःखी माणसांचा, बरोबरीचा. आणि १९७२ मध्ये पोरांनी थेट काळ्यांचंच नाव उचललं. एकोणीसशे बाहत्तरच्या बाकावर बसून ‘ही पोरं आक्रस्ताळी’ म्हणणं सोपं होतं. त्या नव्याण्णव वर्षांत मालकांना किती सद्बुद्धी झाली, हे ज्यानं मोजलं त्याला तसं म्हणता येत नाही.

घागर भरून बाई निघून गेली. पाण्याचं सगळं हे असंच आहे, पुण्यातल्या हौदापासून ब्राह्मणगावच्या विहिरीपर्यंत. म्हणूनच १९७२ चं ते साल संपवण्यापूर्वी आणखी एका माणसामागून थोडं चाला. बाबा आढाव. भवानी पेठेत हमालांची पंचायत बांधलेला हा डॉक्टर आता गावोगाव जाऊन एकच विचारतो आहे, की तुमच्या गावात पाणवठे किती? दुष्काळ पडलाय, विहिरी तळाला गेल्यात, आणि तरीही एका गावात दोन पाणवठे. ‘एक गाव एक पाणवठा’. गावकरी त्यांना बसायला घोंगडी टाकतात, चहा देतात, आणि म्हणतात, आमच्याकडे तसलं काही नाही हो, ते आपले आपण वेगळं भरतात. रेशनवर आता अमेरिकेहून आलेली लाल मिलो मिळू लागेल. ती मात्र सगळ्यांच्या ताटात एकच असेल, आणि सगळेच तिला नाकं मुरडतील.

थोडं पुढं. १९ नोव्हेंबर १९७६. कुठं जायचं नाही, एक राजपत्र हातात घ्यायचं आहे. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा आजपासून नवं नाव घेतो आहे: नागरी हक्क संरक्षण कायदा. अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं नाव ऐकलेल्या कुणालाही ते नाव ओळखीचं वाटेल. कलमं वाचत खाली या. आजवर न्यायाधीश कितीही कमी शिक्षा देऊ शकत होता. आता किमान एक महिना कैद, आणि दंड किमान शंभर रुपये.

शंभर. तुम्ही शनिवार पेठेतल्या ओट्यावर पाहिलेला आकडा आठवा.

आता शेवटचं, आणि मग तुम्हाला घरी सोडतो. पुन्हा ऑगस्ट १९७२, अंक छापून गेल्यावरची रात्र. छापखान्यात तोच दिवा. जुळारी फर्मा सोडतो आहे. पानाभोवतीची दोरी निघाली, ओळी सुट्या झाल्या, खिळे तेलात पुसून तो एकेक आपापल्या खान्यात परत टाकतो आहे. खिळ्यांचा टपटप आवाज. ब्राह्मणगावचा ‘ब्र’ गेला. लुगड्याचा ‘ल’ गेला. झेंड्याचा ‘झ’ हातात घेऊन तो त्या खान्यात डोकावतो. ‘झ’ एरवी फारसा लागत नाही, खाना लहान असतो, त्यात थोडेच खिळे आहेत.

दारातून कुणीतरी टपालाचा गठ्ठा आणून टेबलावर ठेवतं. पाकिटं, अंतर्देशीय, पोस्टकार्डं. वाचकांची पत्रं, पुढच्या अंकासाठी. जुळारी वरची चार-पाच पोस्टकार्डं दिव्याकडे धरून वाचतो, खाली ठेवतो.

“‘झ’ मागवून ठेवा,” तो म्हणतो. “पुरायचे नाहीत.”